बारा गावांची भिंत

मी वाचायला शिकले ते पाट्या भरता भरता. माझं माहेर कन्नडच्या अलीकडचं एक खेडं. शाळा दुसरीपर्यंत, त्यातही पावसाळ्यात छत गळायचं म्हणून निम्मी. लग्न होऊन शहरात आले तेव्हा मला फक्त सही यायची, आणि तीसुद्धा मी रांगोळी काढावी तशी काढायचे. आमचे हे पेंटर. घरं रंगवणारे नव्हेत, अक्षरं लिहिणारे. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, मांडवावरचं सुस्वागतम्. पण सगळ्यांत जास्त काय लिहिलं असेल तर एसटीच्या पाट्या. गाडीच्या पुढच्या काचेशी लावायची ती पत्र्याची पाटी, गावाचं नाव असलेली. जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांनी आपल्या गावाचं नाव पहिल्यांदा एवढ्या मोठ्या अक्षरात पाहिलं असेल ते यांच्या हातचं.

आमच्या धंद्याची रीत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. उस्ताद कड काढतो. कड म्हणजे अक्षराची बाहेरची रेघ. आधी खडूनं कच्चं आखायचं, मग खारीच्या केसांच्या बारीक ब्रशनं श्वास धरून ती रेघ रंगात ओढायची. कड ओढली की अक्षर झालं. आतलं पोट मग दुसऱ्यानं भरायचं. भरणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. ज्याची कड, त्याची पाटी.

बाकीच्या पेंटरांकडं भरायला माणूस असायचा, आमच्याकडं मी होते. भाकरी-भाजी उरकली की ओसरीवर पाटी मांडीवर घेऊन बसायची. पिवळ्यावर काळं, नाहीतर पांढऱ्यावर लाल. दिवेलागणीला हे कामावरून आले की विचारायचे, "काय भरलंस, वाच बघू." मी म्हणायची, "पैठण." "आणि हे?" "लासूर." असा असा मी जिल्हा वाचला. मग वर्तमानपत्र वाचायला लागले, मग वाचनालयातली पुस्तकं, आणि आता तर हे लिहायलाच बसलेय. चाळीस वर्षं मी त्यांच्या कडेच्या आत चालले. कधी रंग बाहेर गेला तर ते फडक्यानं टिपायचे आणि म्हणायचे, "बाईसाहेब कुंपण ओलांडायला लागल्या." एवढंच. कड मात्र मी कधी काढली नाही. त्यांनी नको म्हटलं म्हणून नाही. मला कधी वाटलंच नाही की ते माझं आहे.

मग फ्लेक्स आले. ते सगळ्यांना माहीत आहे, मी परत रडगाणं गात नाही. काम आटलं. यांच्याबरोबर एकाच उस्तादाकडं शिकलेले एक जण शहागंजात उर्दू पाट्या लिहायचे. मी त्यांना भाईजान म्हणते, ते मला भाभी. त्यांनी दुकानात किल्ल्या बनवायचं यंत्र टाकलं. यांनी काहीच टाकलं नाही. घरी बसले, पेपर वाचायचे आणि जाहिरातींतल्या अक्षरांना नावं ठेवायचे. "हा 'श' बघ, पोट दुखल्यासारखा वाकलाय."

हात थरथरायला लागला तो त्याच सुमारास. आधी बशीतला चहा हलायचा. मग सदऱ्याचं बटण लागेना. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळी घेतली की सकाळचे दोन-तीन तास हात बरा राहायचा. नंतर तो आपल्या मनाचा राजा.

अशात एक दिवस दारात एक मुलगी उभी. पाठीला पिशवी, हातात मोबाईल, घामाघूम. सिटी बसचे थांबे नवीन करण्याचं काम चाललं होतं, त्याच्या कचेरीत ती नकाशे काढायची. मोबाईलमध्ये तिनं औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या भांड्याच्या दुकानाची पाटी दाखवली. "मावशी, ही ज्यांनी लिहिली ते इथं राहतात का? मी आठ दिवस शोधतेय."

हे आतून म्हणाले, "कशाला, पैसे परत मागताय का?"

ती हसली आणि आत येऊन बसली. पाणी प्यायली, मग सांगायला लागली. थांब्यांसाठी जो सरकारी पैसा आला होता त्यातला थोडा भाग कलेसाठी राखून ठेवायचा, असं ठरलं होतं. भिंती, कठडे, बाकं, जिथं जमेल तिथं. आणि काम इथल्याच कलाकारांना द्यायचं.

"कलाकार वरच्या गल्लीत असतील," हे म्हणाले. "इथं पेंटर राहतो."

"मग पेंटरच पाहिजे."

"बाकीच्या थांब्यांवर काय काढताय?"

"अजिंठ्याची चित्रं, मोर, बीबी का मकबरा..."

"तेच. म्हणजे माणूस बसची वाट बघता बघता परत तेच बघणार जे बिस्किटाच्या पुड्यावर बघतो." मग म्हणाले, "बाई, मला अजिंठ्याची बाई येत नाही. मला अक्षर येतं."

ठरलं ते असं. शहागंजातल्या एका थांब्यामागं लांब भिंत होती. तिच्यावर बारा गावांची नावं. एसटीच्या पाटीवर असतात तशीच, पण पुरुषभर उंचीची. मुलगी आधी गोंधळली. म्हणाली, काका, पण आपली सिटी बस या गावांना जात नाही. हे म्हणाले, "नाही ना जात. पण तुमच्या बसमध्ये पिशवी घेऊन बसलेला माणूस स्टँडवर उतरून शेवटी जातो कुठं? तिथंच." तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला तेव्हाच ती पोर आवडली.

कागद भरायचं काम आमच्याकडं माझ्याकडंच. त्यात एक ओळ होती, काम मी स्वतः माझ्या हातानं करीन. मी वाचली. हे म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. ते आपल्या हाताकडं बघत बसले. म्हणाले, "दुकानदाराला फसवलं तर एकटा दुकानदार फसतो. हा सगळ्यांचा पैसा आहे. भाजीवाल्या बाईचापण आहे त्यात."

"मग नको का?" मी विचारलं.

"नको कशाला. सकाळी हात चालतो माझा."

त्यांना ती भिंत किती पाहिजे होती ते मला त्या एका वाक्यावरून कळलं. काम आटल्यापासून बारा वर्षांत त्यांनी कोणाकडं काही मागितलं नव्हतं. शेवटचं एक काम, आपल्या हातचं, आपल्या गावात, फ्लेक्सनं झाकता येणार नाही असं. बास.

दिवाळीनंतर काम सुरू केलं. सकाळी चहा, गोळी, रिक्षा. भाईजानांचं दुकान चार पावलांवर, त्यामुळं खुर्ची, पाणी, दुपारचं टेकणं, सगळी सोय तिथं. डाव्या हातात टेकूची काठी, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. ती भिंतीला टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं आणि कड ओढायची. मी मागून भरत जायचे. थांब्यावर गर्दी जमायची. लोकांना तोंडं असतातच.

एक जण म्हणाला, "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि यांना रंग सुचतो."

हे वळलेसुद्धा नाहीत. "पाण्याचं खरं आहे तुमचं. पण बस येईपर्यंत उभं तर इथंच राहणार ना? मग वाचा तोवर."

दुसऱ्या एकानं विचारलं, "बाबा, सगळी गावं लिहिली, आपल्या शहराचं नाव कुठंय?" त्या वेळी शहराच्या नावाची गोष्ट तापलेली. हे म्हणाले, "जिथं उभे आहात तिथली पाटी गाडीला लावतात का कधी?" तो माणूस विचार करत बसमध्ये चढला.

सोयगावची एक म्हातारी रोज यायची बघायला. "माझं कधी येतंय रं बाबा?" "शेवटी. तुमची गाडी उशिराच असते." भाईजान किल्ली घासता घासता ओरडायचे, "अरे जल्दी कर, बुढ्ढी मर जाएगी." म्हातारी म्हणायची, "आधी तूच मरशील." ते दिवस असे गेले. मला आठवले की अजून हसू येतं, आणि मग लगेच पुढचं आठवतं.

नऊ गावं झाली. पैठण, खुलताबाद, फुलंब्री, सिल्लोड, वैजापूर, गंगापूर, लासूर, बिडकीन, पाचोड. एका दिवसाला एक नाव, कधी दोन दिवसांना एक. उरली तीन. कन्नड, पिशोर आणि सोयगाव. कन्नड त्यांनी मुद्दाम मागं ठेवलं होतं, माझ्या माहेराकडचं म्हणून. म्हणाले, "हे जरा निवांत लिहू."

तिथंच हात फिरला. थंडी वाढली होती म्हणून असेल, किंवा गोळीचा जोर सरला असेल. 'क' आला. 'न्न'च्या जोडाशी ब्रश थरारला, रेघ तुटकी दातेरी झाली. त्यांनी टर्पेंटाईननं पुसली. परत ओढली. परत पुसली. असे तीन दिवस. कचेरीतून फोन, उद्घाटनाची तारीख ठरलीय, पाहुणे ठरलेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ब्रश डब्यात ठेवला, भिंतीला टेकून उभे राहिले आणि माझ्याकडं बघितलं. मी त्यांना पाटीवर रंग सांडल्यावर बघितलंय, उस्ताद गेले तेव्हा बघितलंय. असं कधी बघितलं नव्हतं. "जरा पडतो," म्हणाले, आणि भाईजानांच्या दुकानात गेले.

मी डबे राखत बसले. दुपारची वेळ, थांब्यावर कोणी नव्हतं. भिंतीवर खडूचं कच्चं त्यांचंच होतं, स्पष्ट. मी ब्रश घेतला. खरं सांगते, विचार केला नाही. काठीसुद्धा घेतली नाही. 'न्न'च्या जोडावर ब्रश टेकवला आणि ओढला. चाळीस वर्षं मी त्या कडेला आतून लागून चालले होते, कुठं ती रुंदावते, कुठं श्वास घेते, कुठं मोडते, सगळं माझ्या बोटांत होतं. 'ड'चं पोट एका दमात फिरलं. मागं सरकून बघितलं तर पैठण आणि कन्नड एकाच हातचं. आणि मला आनंद झाला. तो लपवत नाही. भावाच्या लग्नात झाला नव्हता एवढा.

तासाभरानं हे आले. उभे राहिले. चष्मा पुसला. जवळ जाऊन 'ड'च्या पोटाला बोट लावलं, रंग ओला होता, बोटाला आला.

"हे कधी झालं?"

मी डब्याचं झाकण बसवत होते. मान वर न करता मी म्हणाले, "सकाळी तुम्हीच काढलं की. मग म्हणालात थकलो, पडतो."

"मी?"

"नाहीतर काय मी?" असं म्हणून मी हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

ते पैठणपाशी गेले, परत कन्नडपाशी आले. दोन्हीकडं कितीतरी वेळ नाक लावून बघितलं. ती कड दुसऱ्याची असती तर त्यांनी लांबून ओळखली असती. सबंध शहरात कोणाची कड कोणती हे त्यांना डोळे झाकून कळायचं. पण माझी कड त्यांचीच होती, मला दुसरी येतच नव्हती. शेवटी म्हणाले, "माझीच आहे. मला आठवत कसं नाही?"

"तीन दिवस तेच तेच काढताय, पुसताय. डोक्यात गोंधळ होतो माणसाच्या."

"बरं," म्हणाले. त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले. मी देवापुढं साखर ठेवली.

एकदा केलं असतं तर हातून झालं म्हणता आलं असतं. मी तीनदा केलं. पिशोर तसंच, ते दुपारी टेकल्यावर. सोयगावही तसंच. दुसऱ्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, नुसते स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. तिसऱ्या वेळी विचारलं, "सकाळी मी काय बोलत होतो हे काढताना?" मी म्हणाले, "नेहमीसारखंच. त्या म्हातारीची चेष्टा करत होता." म्हातारी त्या दिवशी आलीच नव्हती. त्यांना ते माहीत होतं की नव्हतं कोण जाणे. त्यांनी खाली बाकावर बसून चपला नीट जोडून ठेवल्या. त्यांना भीती वाटली की ते वस्तू जागेवर ठेवायला लागायचे, हे मला माहीत होतं. तरी मी बोलले नाही.

का नाही बोलले, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. बोलले असते तर ते त्याच पावली कचेरीत गेले असते, लिहून दिलं तसं काम आपण केलं नाही हे सांगायला. भिंत गेली असती. हात गेला हेही मान्य करावं लागलं असतं. मी मनाशी हिशेब मांडला, हात गेला हे कळण्यापेक्षा जरा विसरायला होतंय हे बरं. म्हातारपणी सगळेच विसरतात. मी कोण होते ते ठरवणारी?

उद्घाटनाला मांडव, माईक, नारळ, सगळं झालं. भिंत खरंच देखणी दिसत होती. कोपऱ्यात पितळी पट्टीवर त्यांचं नाव. पाहुण्यांनी शाल घातली आणि माईक हातात दिला. हे म्हणाले, "भिंत चांगली झाली असं लोक म्हणतात. मला यातली नऊ गावं आठवतात." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं पेंटर मजेशीर आहे. मी खुर्चीच्या दांड्याला धरून बसले होते.

त्यानंतर त्यांनी एक वही केली. आपलं विसरतं म्हणून सगळं लिहून ठेवायचं. चहा घेतला. गोळी घेतली. मेथी आणली. नाशिकहून लेकीचा फोन. ज्या हातानं जिल्हा लिहिला त्या हाताची ती वाकडी अक्षरं. रोज जेवल्यावर ताट उचलायच्या आधी लिहायचे, जेवलो. एकदा भाकरी अर्धी राहिली तर थांबून मला विचारलं, "काय लिहू?"

त्यांचं काही एक विसरत नव्हतं. दुधाच्या कुपनापासून लग्नाच्या तिथीपर्यंत सगळं जागेवर होतं. मला विचारायचे, मी सांगायची, आणि ते म्हणायचे, हो, हेच वाटलं होतं मला. पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. एकटे शहागंजात जाईनात, रस्ता चुकलो तर म्हणून. जन्मभर पायांखालचा रस्ता. भाईजान घरी यायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणं होतं, अजून एक गोळी वाढवली. लेकीनं फोनवर विचारलं, आई, बाबांना खरंच विसरायला होतंय का गं? मी तिलासुद्धा हो म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात मला सहन होईना. एके दुपारी ते खाटेवर वही घेऊन बसले होते, मी खाली तांदूळ निवडत होते. म्हणाले, "ऐकलंस का, उद्या तुझं नाव विसरलो तर रागावू नको."

मी सूप खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही काही विसरत नाही. ती तीन गावं मी काढली. कन्नड, पिशोर, सोयगाव. तुम्ही झोपला होतात. मी खोटं बोलले."

मला वाटलं आता चिडतील. मी त्याचीच वाट बघत होते, चिडा म्हणून. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थरथरता. म्हणाले, "माझं मन राखायला आता असं बोलतेस होय."

"देवाशपथ. मीच काढली."

"कड? तू? चाळीस वर्षांत एक तरी काढलीस का?"

मी उठले, लेकीची शाळेतली जुनी पाटी काढली, खडू घेतला, त्यांच्यासमोर बसले. 'क' काढायला गेले आणि हात काही केल्या स्थिर होईना. रडत होते मी, हुंदके आवरेनात. 'क'चं पोट फिसकटलं. परत काढलं, परत तसंच. त्यांनी खडू माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे. तू आजवर माझ्याशी खोटं बोलली नव्हतीस. माझ्यामुळं ही वेळ आली तुझ्यावर."

मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं. काय लिहिलं ते मी त्या दिवशी बघितलं नाही. ते गेल्यावर बघितलं. हिला माझ्यामुळं त्रास होतो. विसरतो हे हिच्यासमोर बोलू नये.

आणि नंतर ते कधी बोलले नाहीत. मी आणखी दोनदा सांगून बघितलं. ते मान हलवायचे, "हो, तूच काढलीस," अगदी लहान मुलाला म्हणावं तसं. थंडीत गेले. निमोनियाचं निमित्त झालं. शेवटच्या दिवशी दवाखान्यात नर्सनं सहज विचारलं, बाबा, कोणतं गाव तुमचं? त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी सांगावं म्हणून. त्यांना माहीत होतं. पण आपल्याला माहीत आहे, यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

याला आता वर्ष झालं. गेल्या महिन्यात त्या नकाशेवाल्या मुलीचा फोन आला. मोठी झालीय आता कामात, पण आवाज तसाच. म्हणाली, मावशी, भिंत पश्चिमेच्या उन्हात फिकी पडलीय. डागडुजीला थोडा पैसा मंजूर झालाय. काकांच्या कडेवरूनच परत कड ओढायची, तुम्ही सांगाल तसं. एखादा चांगला पेंटर बघते, तुम्ही फक्त जवळ थांबा. मी म्हणाले, बघून सांगते.

मी गेले. भाईजानही दुकानातून काठी टेकत आले. दोघं बाकावर बसलो. नऊ गावं आणि तीन गावं, सारखीच फिकी झालेली. नऊ ठिकाणी त्यांचा हात होता, जगात उरलेला तेवढाच. त्याच्यावरून आता दुसऱ्या कोणाचा ब्रश फिरणार होता. माझा किंवा कोणाचाही. मी न राहवून भाईजानांना सगळं सांगितलं. कन्नड, पिशोर, सोयगाव, दुपार, खोटं.

ते भिंतीकडंच बघत होते. म्हणाले, "मेरेकू मालूम था, भाभी. पहलेच दिन से."

"कसं? त्यांना स्वतःला ओळखू आली नाही."

"अपना हाथ अपने कू किधर दिखता? उसका ब्रश उठता तो आखिर में जरा सा दाएं मुड़ता, बाल बराबर. तुम्हारा सीधा उठता." त्यांनी काठीनं कन्नडच्या 'ड'चं शेपूट दाखवलं. मग पाचोडच्या 'ड'चं. मला फरक दिसला. आयुष्यात पहिल्यांदा दिसला.

मी विचारलं, "मग त्यांना का नाही सांगितलं, भाईजान? तुमच्याकडून ऐकलं असतं त्यांनी."

एक बस आली, लोक चढले, गेली. मग भाईजान म्हणाले, "बोला था मैं. उद्घाटन के दूसरेच दिन. दुकान में बिठा के बोला, वो तीन तेरे नहीं, भाभी के हैं. बहुत समझाया. उनों हंसे मेरे पे. बोले, मैंने उसकू पूछा था. वो बोली मेरे हैं. वो झूठ नहीं बोलती."

आम्ही तिथंच बसून राहिलो. बाजूला एक बाई लेकराला नावं वाचून दाखवत होती, बोट धरून, एकेक अक्षर. मी तिकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर कचेरीतल्या त्या मुलीला फोन केला. म्हणाले, रंग देऊ नका. ती म्हणाली, मावशी, मग दोन-तीन उन्हाळ्यांत भिंतीवर काहीच राहणार नाही.

मी म्हणाले, माहीत आहे मला.